सवलत खरी की छापील? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सेलबद्दलची पत्रं नेहमीच वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतून असे प्रश्न निवडले आहेत, ज्यांची उत्तरं दुकानात उभं असतानाच कामाला येतील. वाचकांनी दुकानांची नावं कळवली होती. ती आम्ही छापलेली नाहीत. कायद्याचा संदर्भ आवश्यक तिथेच दिला आहे, हिशेब मात्र पूर्ण मांडले आहेत.

‘आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात नॉनस्टिक भांड्यांचा संच वर्षभर ‘एमआरपी ५,९९९, आता फक्त १,७९९’ अशा पाटीखाली विकला जातो आहे. ५,९९९ ला तो कधी कुणी घेतला असेल असं वाटत नाही. ही फसवणूक नाही का?’ (ठाणे)

तुमचा संशय रास्त आहे. पण ५,९९९ हा आकडा छापणं बेकायदा नाही, आणि १,७९९ ला विकणंही नाही. गोम ‘आता फक्त’ या दोन शब्दांत आहे.

एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. ती उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार स्वतः ठरवतो. कायदा एवढंच म्हणतो की तिच्याहून जास्त दराने माल विकायचा नाही. वस्तू बनवायला किती खर्च आला आणि त्याच्या किती पट एमआरपी छापली, याला सर्वसाधारण मालाच्या बाबतीत मर्यादा नाही. ती आहे दरनियंत्रणाखालच्या औषधांसारख्या मोजक्या वस्तूंना. १९९० मध्ये करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं, कारण ‘स्थानिक कर वेगळे’ असं म्हणत दुकानदार मनाला येईल ती रक्कम वर लावत. ग्राहकाला जास्त पडू नये म्हणून आखलेली वरची रेघ आज सूट मोजायची खालची रेघ झाली आहे. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे की एमआरपीला भाव समजू नका. ज्या किमतीला ती वस्तू एरवी चार दुकानांत मिळते, तो भाव.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. त्यात सवलतीच्या किमतीची खोटी जाहिरात येते, आणि सवलत मोजायची ती वस्तूच्या नेहमीच्या विक्री-किमतीशी. वर्षभर १,७९९ ला विकली जाणारी वस्तू ‘आता फक्त १,७९९’ म्हणून मांडणं यात बसू शकतं. पण पुरावा लागतो. पाटीचा फोटो काढा, त्यात दुकानाचा भाग आणि मॉडेल क्रमांक दिसू द्या. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एक काढा. तारखांसह असे दोन-तीन फोटो ‘मर्यादित काळासाठी’ हा दावा खोटा पाडायला पुष्कळ असतात.

खरा भाव शोधताना मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. मोठ्या साखळी-दुकानांसाठी कंपन्या कधीकधी वेगळा क्रमांक काढतात. भांडं जवळपास तेच, फक्त झाकण काचेऐवजी स्टीलचं किंवा तळाची जाडी कमी. क्रमांक वेगळा असल्याने दुसऱ्या दुकानाशी तुलना होत नाही आणि ‘आमच्यापेक्षा स्वस्त दाखवा, फरक परत देऊ’ ही हमी कधी द्यावीच लागत नाही. अशा वेळी क्रमांक सोडा. तळाची जाडी मिलिमीटरमध्ये, वजन, नगांची संख्या आणि हमीचा काळ यांवर तुलना करा. ‘१२ नगांचा संच’ असेल तर त्यात चमचे, झाकणं आणि पुसायचं फडकं धरलं आहे का, तेही मोजा.

खोक्यावर किमतीचं स्टिकर दिसलं तर खाली काय आहे ते बघा. किंमत कमी करायला स्टिकर लावता येतं, पण त्याने मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. किंमत वाढवायला दुकानदाराला स्टिकर लावता येत नाही, छापलेला आकडा खोडता किंवा पुसताही येत नाही. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन वेगळ्या एमआरपी छापण्याची पळवाटही १ जानेवारी २०१८ पासून बंद केली आहे. यातलं काही आढळलं तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटांवरची छपाई तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे करायची.

‘५० टक्के अधिक २० टक्के, दोनवर एक, २० टक्के जादा: यांतलं फायद्याचं कुठलं?’ (सोलापूर)

‘५० + २०’ म्हणजे ७० नाही, ६०. हजाराचे आधी ५०० होतात, मग त्या पाचशेवर २० टक्के, म्हणजे ४०० रुपये. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे जास्तीत जास्त ३३ टक्के, तेही तिन्ही वस्तू सारख्या किमतीच्या असतील तर. मोफत मिळते ती सर्वांत स्वस्त. १,९९९, १,४९९ आणि ७९९ चे तीन कुर्ते घेतले तर ७९९ सुटतात. एकूण ४,२९७ वर ही सूट १९ टक्क्यांनाही पोचत नाही. शिवाय बिलात ही सूट सहसा तिन्ही नगांवर विभागलेली असते, म्हणून एक कुर्ता परत केला की हातात छापील किंमत पडत नाही. ‘२० टक्के जादा’ म्हणजे १०० ग्रॅमच्या दरात १२० ग्रॅम, दर १६.६७ टक्क्यांनी उतरतो, वीसने नाही.

सर्वांत फसवं व्हाउचरचं गणित. ‘३,००० च्या खरेदीवर ३,००० ची व्हाउचर’ ऐकलं की निम्म्यात मिळाल्यासारखं वाटतं. व्हाउचर मात्र ५०० ची सहा असतात, आणि एकेक वापरायला दर वेळी किमान २,००० ची खरेदी करावी लागते. सगळी वापरलीत तर आधीचे ३,००० आणि नंतर सहा वेळा १,५०० असे १२,००० रुपये जातात, माल येतो १५,००० चा. सूट २० टक्के. ती मिळवायला १२,००० खर्चावे लागले आणि सात फेऱ्या झाल्या. दोन व्हाउचर मुदतीत वापरायची राहिली की तीही घसरते. मुदत, किमान रक्कम, कोणत्या मालावर चालतील आणि एका बिलात किती चालतील, या चार गोष्टी व्हाउचरच्या मागे वाचल्याशिवाय पहिली खरेदी करू नका.

किराणा मालात मोठं पाकीट स्वस्तच असतं असं नाही. आता पाकिटावर दर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापावा लागतो. बारीक अक्षरात असला तरी तोच बघा. २०० ग्रॅमला ५८ रुपये म्हणजे ग्रॅमला २९ पैसे, आणि ‘बचत पॅक’ ५०० ग्रॅमला १६० म्हणजे ३२ पैसे, असं अनेकदा दिसतं. किंमत तीच ठेवून वजन घटवलं असेल तर तेही याच आकड्यातून कळतं.

‘कपड्यांच्या दुकानात ‘फ्लॅट ४० टक्के’ होतं. काउंटरवर सवलतीच्या रकमेवर जीएसटी वेगळा लावला. विचारलं तर म्हणाले, कर सरकारचा आहे, त्यावर सूट नसते. बरोबर आहे का?’ (नाशिक)

नाही. टॅगवर ‘सर्व करांसह’ असं छापलेलं आहे, तेव्हा कर त्या आकड्याच्या पोटात आहे. २,००० च्या शर्टवर ४० टक्के सूट म्हणजे तुम्ही द्यायचे १,२००. पाच टक्के दराने त्यातले ५७ रुपये १४ पैसे जीएसटी, उरलेले दुकानदाराचे. १,२०० वर पुन्हा ६० रुपये लावले तर तुमची सूट ३७ टक्क्यांवर आली, आणि पाटी चाळीसचीच राहिली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे. तेव्हा व्हॅट होता. ‘फ्लॅट ४०’ म्हणून बोलावून कर वर लावणं ही अनुचित प्रथा ठरली. व्हॅट जाऊन जीएसटी आला म्हणून तर्क बदलत नाही.

काउंटरवर भांडत बसण्यापेक्षा टॅग जपून ठेवा. टॅग आणि बिल शेजारी ठेवून काढलेला एक फोटो हे या प्रकारातलं जवळपास संपूर्ण प्रकरण असतं.

जाता जाता पिशवीबद्दल. २२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्रीय आयोगाने म्हटलं आहे की पिशवीचे पैसे घेणार असाल तर ते ग्राहकाला खरेदीच्या आधी कळलं पाहिजे. माल काउंटरवर ठेवल्यावर सांगून चालणार नाही.

‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ या जाहिराती पाडव्यापासून दिवाळीपर्यंत चालू असतात. मुलीच्या लग्नासाठी दागिने करायचे आहेत. या सुटीत अर्थ किती?’ (सांगली)

यात रक्कम मोठी आणि ग्राहकाला दिसणारं कमी, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

दागिन्याच्या बिलात सोन्याचा दर गुणिले निव्वळ वजन, त्यावर घडणावळ, खडे असल्यास त्यांची किंमत, हॉलमार्किंगचं शुल्क आणि शेवटी ३ टक्के जीएसटी असतो. सूट यातल्या फक्त घडणावळीवर, आणि घडणावळ किती लावायची हे पेढी ठरवते. म्हणजे जिच्यावर सूट आहे ती रक्कम सूट देणाऱ्याच्याच हातात आहे.

हिशेबाला सोपा जावा म्हणून २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० धरू आणि १० ग्रॅमची साखळी घेऊ. पहिल्या पेढीत सूट नाही, घडणावळ १० टक्के: १,००,००० अधिक १०,०००, म्हणजे १,१०,०००. दुसऱ्या पेढीत घडणावळ १८ टक्के, तीवर ५० टक्के सूट, म्हणजे ९. पण तिथे त्या दिवशीचा दर १०,२५० लावला आहे: १,०२,५०० अधिक ९,२२५, म्हणजे १,११,७२५. जीएसटी धरून पहिलीकडे १,१३,३०० आणि दुसरीकडे १,१५,०७७. निम्मी सूट देणारी पेढी पावणेदोन हजारांहून अधिक महाग पडली. ग्रॅममागे अडीचशे रुपयांचा फरक फलकावर लक्षात येत नाही, कारण नजर ‘५०’ वर असते.

म्हणून एकाच दिवशी, शक्यतो एकाच दुपारी, दोन-तीन पेढ्यांत जा आणि टक्के विचारूच नका. सारख्या वजनाच्या, सारख्या घडणीच्या दागिन्याची जीएसटीसह अंतिम रक्कम विचारा, ती निव्वळ वजनाने भागा. ग्रॅममागे पडणारा हा एकच आकडा तुलनेला चालतो. कागदावर लिहून मागा. तोंडी सांगितलेला आकडा बिलापर्यंत टिकेलच असं नाही.

वजनात दोन जागी चुकतं. ढोबळ वजनात खडे, मणी, दोरा, लाख सगळं येतं. सोन्याचा दर फक्त निव्वळ वजनाला लागला पाहिजे. मंगळसूत्रातले काळे मणी आणि बोरमाळेच्या पोकळ मण्यांत भरलेली लाख यांचं वजन वजा झालं का, ते विचारा. दुसरी जागा घट. काही ठिकाणी घडणावळ कमी सांगतात आणि ‘घट’ म्हणून पाच-सात टक्के सोनं वेगळं लावतात. घडणावळ अधिक घट अशी बेरीज केल्याशिवाय पेढ्यांची तुलना करू नका.

शुद्धतेसाठी तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६, १८ ला १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा ओळख-क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या सहाअंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले दागिने, कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे. बीआयएस केअर या ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. हातात बांगडी असून ॲपवर अंगठी दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद बीआयएसच्या नियमांत आहे. ही भरपाई मिळवायला बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं लिहिलेलं लागतं. ‘कच्च्या’ बिलावर तीन टक्के वाचवणारा ग्राहक हा सगळा हक्क तिथेच सोडून येतो.

शेवटचं, आणि लग्नाच्या दागिन्यांत सर्वांत मोलाचं: मोड. तोच दागिना पुढे मोडीत द्यायचा झाला तर त्याच पेढीत किती टक्के कापतील, बदली दागिना घेतला तर किती आणि रोख हवी असेल तर किती, हे बिलामागे लिहून घ्या. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. त्यामुळे नक्षीकामाच्या दागिन्यावर २० टक्के घडणावळ देताना, तो मोडायचा नाही हे घरात आधी ठरलेलं असावं.

‘मंगल कार्यालयात तीन दिवसांचं साड्यांचं प्रदर्शन होतं. ‘येवल्याची अस्सल पैठणी, १८,००० ची ४,५०० ला’. घेतली. आता शंका येते आहे.’ (नागपूर)

हातमागावरची, अस्सल रेशमाची, पदरभर नक्षीची पैठणी विणायला आठवडे लागतात, नक्षी दाट असेल तर महिने. विणकराची मजुरी आणि रेशमाचा खर्च धरला तर ४,५०० मध्ये ती बसत नाही. यंत्रमागावरची किंवा मिश्र धाग्याची ‘सेमी पैठणी’ त्या किमतीत मिळते, आणि ती घेण्यात काही वावगं नाही. फक्त ती तिच्या नावाने विकली पाहिजे.

साडी उलटून पदराची मागची बाजू बघा. हातमागावर पैठणीची नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे मोर, पोपट, फुलं मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसतात. मागे सुटे लोंबणारे किंवा कापलेले धागे असतील, किंवा त्यांना झाकायला जाळी लावली असेल, तर माल यंत्रमागाचा. मग पदराच्या टोकाचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळा. रेशीम हळू जळतं, ज्योत दूर नेली की विझतं, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर आक्रसून वितळतं आणि कडक गोळी उरते. ताणा आणि बाणा दोन्ही तपासा. एकात रेशीम, दुसऱ्यात पॉलिस्टर असं सर्रास असतं.

सिल्क मार्कचं लेबल रेशमाची शुद्धता सांगतं, हातमागाची नाही. त्यासाठी हॅन्डलूम मार्क वेगळा असतो. विक्रेता एक दाखवून दुसऱ्याचा भाव घेतो तेव्हा इथेच गल्लत होते.

तुमच्या बिलावर जीएसटी क्रमांक आहे का बघा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राला २७, गोव्याला ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवसायाचं नाव आणि पत्ता मिळतो, म्हणजे प्रदर्शन उठून गेलं तरी नोटीस पाठवता येते. बिलावर ‘सिल्क साडी’ एवढंच असेल तर प्रकरण अवघड होतं. म्हणून अशा खरेदीत ‘हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम’ हे शब्द बिलावर लिहून मागायचे. विक्रेता लिहायला कचरला तर उत्तर मिळालं. तुमच्याकडे जाहिरातीचं पत्रक असेल तर तेही टाकून देऊ नका, त्यातलं ‘अस्सल’ तुमच्या बाजूने बोलेल.

‘३०,००० चा फोन नो कॉस्ट ईएमआयवर सहा महिने ५,००० नी घेतला. तरी कार्डाच्या बिलात जास्त रक्कम येते.’ (पिंपरी)

येणारच, कारण व्याज आहे. ते सवलतीच्या नावाने लपवलेलं आहे. वार्षिक १५ टक्के दर धरला तर सहा महिने ५,००० भरून फिटणारं कर्ज २८,७३० चं असतं. म्हणजे फोन तुम्हाला २८,७३० ला लावला, १,२७० ची ‘सूट’ दाखवली आणि तेवढंच व्याज बँकेने घेतलं. इथवर बेरीज ३०,०००. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, सुमारे २२९ रुपये. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. सुमारे ४६४ रुपये वर गेले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वात नाही.

दुकानात विचारायचा प्रश्न एकच: ‘आत्ता पूर्ण रक्कम भरली तर कितीला द्याल?’ २८,५०० म्हणाले, तर तुमच्या हप्त्यांची खरी किंमत जवळपास दोन हजार आहे. फोन परत केला तर प्रक्रिया शुल्क सहसा परत येत नाही, आणि आधी गेलेलं व्याज मिळवायला बँकेच्या मागे लागावं लागतं, हेही धरून चाला.

‘घरात वस्तूंचा ढीग झाला आहे. दर सेलला ठरवते, घ्यायचं नाही. तरी घेतलं जातं. हे थांबवायचं कसं?’ (डोंबिवली)

इच्छाशक्तीला दोष देऊ नका. या मांडणीचा अभ्यास करूनच ती केलेली असते. १९७४ मध्ये ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांपुढे आकड्यांचं चाक फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांना १० दिसला त्यांचा मध्यम अंदाज २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी पहिला आकडा डोक्यात रुतला. खोडलेली एमआरपी हेच करते. ५,९९९ आधी दिसलं की १,७९९ स्वस्त ‘वाटतं’, ती वस्तू मुळात हजाराची असली तरी.

यावर उपाय म्हणजे आपला आकडा आधी ठरवणं. सेल लागण्यापूर्वी यादी करा, प्रत्येक वस्तूपुढे ‘याला इतके देईन’ ही रक्कम लिहा, आणि दुकानात फक्त शेवटची किंमत त्या रकमेशी ताडा. टक्के वाचायचेच नाहीत. यादीत नसलेली वस्तू आवडली तर तिचं नाव आणि किंमत टिपून घरी या; पंधरा दिवसांनीही हवी असेल तर घ्या. मोफत घरपोचसाठी भर घालणं बंद करा: टोपलीत ४३० चा माल, ४९९ वर घरपोच मोफत, एरवी ४० रुपये. ९० ची नको असलेली वस्तू टाकून ४० वाचवले की ५० गेले.

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याची यादी आधी भरून घेते आणि माल एकत्र खरेदी करून पोचवते. त्यात भाव बरा मिळतोच. पण आमच्या मते त्याहून मोठी गोष्ट ही की गरज आधी लिहिली जाते, वस्तू नंतर दिसते. चार-पाच घरांनी मिळून हे आपापल्या सोसायटीतही करता येईल.

‘ऑनलाइन सेलमध्ये ‘फक्त २ शिल्लक’, ‘१० मिनिटांत संपेल’ असं घड्याळ चालू असतं. हे खरं असतं का?’ (मडगाव)

तपासणं सोपं आहे. पान बंद करा, दुसऱ्या फोनवरून उघडा. घड्याळ पुन्हा दहापासून सुरू झालं किंवा दुसऱ्या दिवशीही ‘२ शिल्लक’ असतील, तर ती खोटी घाई आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या प्रकारांवर बंदी आहे. त्यात ही खोटी घाई आहे, न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकणं आहे, आणि आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीला निरनिराळी शुल्कं जोडणंही आहे. पैसे भरायच्या आधीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ई-व्यापार नियम २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचं असतं.

‘सेलमधल्या शर्टची शिवण पहिल्याच धुण्यात उसवली. दुकानदार पाटी दाखवतो: सेलचा माल परत किंवा बदलून मिळणार नाही. तक्रार कुठे आणि कशी करायची?’ (अमरावती)

त्या पाटीने तुमचा हक्क संपत नाही. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर तेवढी, नसेल तर ३० दिवस. मात्र रंग आवडला नाही किंवा माप चुकलं तर कायदा बदलून द्यायला लावत नाही. ते दुकानाच्या धोरणावर. दोष आधी सांगून, बिलावर ‘डिफेक्ट पीस’ लिहून विकला असेल, तर त्याच दोषाबद्दल तक्रार चालणार नाही.

आधी दुकानाला लेखी कळवा: बिल क्रमांक, तारीख, दोष, फोटो, काय हवं (पैसे की बदली) आणि १५ दिवसांची मुदत. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालेल, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, किंवा व्हॉट्सॲपवर ८८००००१९१५. तक्रार मराठीतही सांगता येते. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करते. मोठ्या साखळी-दुकानांच्या बाबतीत बरंच काम इथेच होतं, गल्लीतल्या दुकानाच्या बाबतीत कमी.

पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तिथे, आणि पाच लाखांपर्यंत शुल्क शून्य. दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात दावा करता येतो. वकील सक्तीचा नाही. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होतं. तक्रार एका पानात लिहा, घटना तारखांच्या क्रमाने, आणि शेवटी मागणी आकड्यात: शर्टची किंमत, पत्रव्यवहाराचा खर्च, मनस्तापाची भरपाई. ‘योग्य ती भरपाई’ असं मोघम लिहिलं की निकालही मोघम येतो.

दोष एका शर्टचा नसून जाहिरातच खोटी असेल, आणि ती अनेकांना फसवत असेल, तर वेगळा रस्ता आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे किंवा थेट तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. प्राधिकरण जाहिरात थांबवू शकतं, १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. तो दंड तुम्हाला मिळत नाही. तुमच्या पैशांसाठी आयोग, पाटी उतरवण्यासाठी प्राधिकरण. दोन्हीकडे एकाच वेळी गेलात तरी हरकत नाही. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत फिकं पडतं, म्हणून आजच त्याचा फोटो काढा.